हळदीखालचा चांदवडी रुपया

नाणं हातात आलं की लोक आधी छाप पाहतात. मी कड पाहतो. ही सवय मला धुळ्याच्या एका छापखान्यात लागली. नवे पैसे चालू व्हायच्या एक-दोन वर्षं आधी मी तिथे खिळे जुळवण्याचं काम करत होतो. वय एकवीस, पगार बेताचा, आणि डोक्यात मात्र सगळ्या जगाचा हिशेब चुकता करायचा बेत.

वडील जळगावला शाळामास्तर होते. ते गेले तेव्हा घरात एक ट्रंक राहिली आणि ट्रंकेत कपडे कमी, चोपडी जास्त. शेतसारा, जंगलाचे हक्क, शिवाशिव, हुंडा, बुवाबाजी अशा विषयांवरची आठ-आठ, सोळा-सोळा पानांची पत्रकं. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावर. त्यामुळे मला गोष्टी सांगता येत नसत, ठराव मांडता येत. छापखान्यातले लोक म्हणत, हा पोरगा चहा मागतो तोसुद्धा मुद्देसूद मागतो.

त्या छापखान्यात एक म्हातारे गृहस्थ स्वतःची चोपडी छापून घ्यायला आले. सरकारी खजिन्यात त्यांनी सारी नोकरी नाणी पारखण्यात घालवली होती. खोटा रुपया बोटांना कळतो, डोळ्यांना नंतर, असं ते म्हणत. सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही नाना म्हणू लागलो. चोपडीचा विषय होता जुनी नाणी कशी ओळखावीत. खिळे मी जुळवले, मुद्रितं मी तपासली, आणि रोज संध्याकाळी नाना येऊन माझ्या चुका काढता काढता मला नाण्यांबद्दल शिकवत बसले.

त्यांचं एक सांगणं मला फार आवडलं. चांदवडसारख्या जुन्या टांकसाळीत ठसा मोठा असे आणि चांदीची चकती लहान. माणूस चकती ठेवायचा, वर ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. चकतीवर मजकुराचा जेवढा तुकडा बसेल तेवढा बसे, बाकीचा हवेत. एकावर बादशहाच्या नावाची शेपटी, दुसऱ्यावर नुसती नक्षी. "म्हणून चांदवडी रुपये हजार असले तरी दोन सारखे नसतात," नाना म्हणत. "यंत्रातल्या रुपयाला फक्त साल असतं. याला तोंडवळा असतो."

दुसरं त्यांचं सांगणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. नाणं घासू नये. मळ काढायला म्हणून घासलेलं नाणं त्यांच्या लेखी मेलेलं असे.

आमचं गाव शिंदखेड्याजवळ. वडिलांच्या मागे आई तिथेच जाऊन राहिली होती. आमच्या भाऊबंदकीला पंचक्रोशीत मोहोरवाले म्हणत. कारण आमच्या कानबाईच्या, म्हणजे कुळदेवीच्या, नारळ मांडलेल्या कलशाखाली सोन्याची मोहोर ठेवलेली असे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी भाऊबंदकीतलं प्रत्येक घर आपल्या पुरुषमाणसांगणिक मापून गहू देतं. सगळा गहू एकत्र होतो, दळला जातो, त्याचे रोट होतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. जावईसुद्धा चालत नाही. ज्या घराचा गहू घेतला जात नाही ते घर भाऊबंदकीतून गेलं. पुढे त्यांच्या लग्नात कोणी मांडव घालायला येत नाही आणि मयताला खांदा द्यायला शेजारी शोधावे लागतात.

मी स्वतः दोन वर्षं रोट खाल्ला नव्हता. ठरवून. रक्तावर आधारलेलं जेवण मला नको, असं भर ओसरीत जाहीर करून मी शेंगदाणे खात बसलो होतो. पण आई माझं माप ओतत होती आणि ते घेतलं जात होतं. नको म्हणण्याची चैन मला परवडत होती ती त्यामुळे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आषाढ संपत आला होता. दुपारी छापखान्याच्या दारात काकी उभी राहिली. काकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. काका जाऊन सहा वर्षं झालेली, दोन मुलगे शिकत होते. मोहोर सांभाळायचं काम भाऊबंदकीतल्या एका बाईकडून दुसरीकडे जात असे; सासू हिवाळ्यात गेल्यापासून ते तिच्याकडे आलं होतं. ती एकटी एस.टी.ने धुळ्याला आली, हेच मला नवल वाटलं.

तिने लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि एक नाणं माझ्या खिळ्यांच्या पेटीवर ठेवलं. पांढरं स्वच्छ होतं.

"तू शिकेल शेस," ती म्हणाली. "दख, हाई काय शे."

मी म्हणालो, "चांदीचा जुना रुपया दिसतो. कुठून आणला?"

"कोठून आणसू? कानबाईनी मोहोर शे ती."

मग तिने सगळं सांगितलं. सासू मोहोर कधी घासत नसे. ओल्या फडक्याने पुसायची आणि वर हळद-कुंकू वाहायची. हळदीवर हळद, कुंकवावर कुंकू. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी काकीने पहिल्यांदाच देव्हारा स्वतः आवरला. देवाची भांडी घासली तशी मोहोरही घासली, चिंच लावून, राखेने, मन लावून. वर्षानुवर्षांचा पिवळा थर सुटून आला आणि आत हे पांढरं निघालं. ती घाबरली, पण लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी दर्शनाला आलेल्या आबांनी पाहिलं. आबा म्हणजे भाऊबंदकीतले सगळ्यांत वडील, मापाचं भांडं त्यांच्या हातात.

"लोके म्हणतस, मी मोहोर इकी खादी आनि तठे रुपया ठेवा," ती म्हणाली. रडली नाही. राग होता तो. "आबानी सांगं, मोहोर आणी दे, नही ते यंदा तुना घरना गहू नही."

"म्हणजे तुला रोटाला बसू देणार नाहीत."

"मनं काय व्हई? पोरेस्नं माप बंद व्हई. बाप नही, आते भाऊबंद बी नही."

मी लगेच पेटलो. म्हणालो, असल्या भाऊबंदकीचं माप हवं कशाला, मोडून टाका ती. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुनं झालं व्हई ते सांग, हाई दखाडाले कोठे जानं?"

मी तिला नानांकडे नेलं.

नानांनी खिडकीशी बसून भिंग काढलं. आधी कड पाहिली, मग बोटावर तोलून धरलं, मग लहान तराजूत घातलं. दगडी पाटीवर हलकेच टाकून नाद ऐकला. काकी दाराशी पदर घेऊन बसली होती.

"कशाने घासलंत, अक्का?"

"चिंच. वर राख."

नानांनी डोळे मिटले. "चोरी केली असतीत तर एक वेळ नाणं तरी वाचलं असतं."

काकीला हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदा.

मग नानांनी मला जवळ बोलावून एकेक दाखवलं. नाणं चांदवडी रुपया, चांदी चांगली. सोनं चांदीच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. ही चकती सोन्याची असती तर एवढ्या वजनात इतकी जाड भरली नसती. कडेला छिन्नीचा एक जुना घाव होता. पूर्वी सराफ रुपया आतून पाहायला असा घाव घालीत. "आता घावाच्या आत बघ," नाना म्हणाले. भिंगातून मला घावाच्या तळाशी केसाएवढी पिवळी रेघ दिसली. तशीच दोन अक्षरांच्या बेचक्यातही दिसली. हळद नव्हे. चमकत होती.

"मुलामा," नाना म्हणाले. "आधी हा बाजारात फिरला, सराफाने घाव घातला, मग कोणीतरी याला सोन्याचं पाणी दिलं. पाणी घावातही उतरलं. नंतर ते झिजत गेलं आणि हळद चढत गेली. तुमच्या घरचे लोक शेवटी हळदीलाच सोनं समजत होते. अक्कांनी हळद काढली, बस."

"म्हणजे काकी सुटली!"

"कशी? मी एवढंच सांगतो की या रुपयाला मुलामा होता. तुमच्या कलशाखाली होता तो हाच, हे मला काय ठाऊक? बाईने मोहोर विकून मुलाम्याचा रुपया आणून घासला, असं कोणी म्हटलं तर?"

मग नानांनीच विचारलं, "याचा जुना ठसा आहे का कुठे? कशावर दाबलेला?"

काकी दारातून म्हणाली, "कोठीवर शे."

आमच्याकडे धान्याच्या मातीच्या कोठीचं तोंड सुगीनंतर शेणमातीने लिंपून बंद करत. त्या ओल्या मातीत कानबाईची मोहोर एकदा दाबायची रीत होती. कोठी फोडताना ठसा फुटे, पुढच्या वर्षी नवा. पण आबांच्या गोठ्यातली एक जुनी कोठी त्यांच्या लहानपणापासून वापरात नव्हती. तिचं तोंड कोणी फोडलं नव्हतं. ठसा आत्ताही असणार.

"किंमत किती होईल याची?" निघताना मी विचारलं.

"चांदीचा भाव असेल ती. वर कोणी काही देणार नाही. न घासता, मुलाम्याशिवाय राहिला असता तर एखाद्या हौशी माणसाने चार-पाच रुपये आनंदाने मोजले असते." मग काकीकडे पाहून त्यांनी आवाज खाली केला. "पण ही किंमत माझ्या चोपडीतली. त्यांच्या घरी त्याची किंमत काय ते त्यांना विचार."

छापखान्यात परत आल्यावर मी नाण्याला अगदी पातळ शाई लावली आणि मुद्रिताच्या कागदावर दाबलं. नानांना हे कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. पण मला उलटा ठसा हवा होता. मातीत पडतो तो उलटाच असतो. फारसी मला येत नाही, पण खिळे जुळवणाऱ्याला उलटी अक्षरं पाहायची सवय असते. अक्षर कळलं नाही तरी वळण कळतं. नाणं पुसलं, काकीला परत दिलं, कागद खिशात ठेवला.

रविवारी गावी गेलो. गोठ्यात वीसेक माणसं जमली होती. आबा खाटेवर बसले होते. बैलांना बाहेर काढलं होतं आणि कोठीवरची जळमटं कोणीतरी आधीच झाडली होती. ठसा होता. त्याच्या शेजारी कातरलेल्या कडेचा, फुलासारखा, आणखी एक लहान ठसा होता.

मी आधी भाषण केलं. मला टाळता आलं नाही. पुरावा म्हणजे काय आणि अंधश्रद्धा म्हणजे काय हे मी सांगत असताना मागून जिभाऊ म्हणाले, "भो, कोठी दखाड. कंठ मंग फोड." लोक हसले. जिभाऊ माझे चुलतचुलते, ते सभेत कधी बसत नसत, उभे राहून टोमणे मारत.

मी कागद ठशाशेजारी धरला. डावीकडे तुटलेलं तेच वाटीसारखं अक्षर, त्याच्या पोटात तेच तीन ठिपके, खाली आडवी रेघ अर्ध्यात कापलेली. कडेला घावाची तीच खाच. एकेक जण वाकून पाहून गेला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

आबांनी कागद पाहिला नाही. त्यांनी काकीकडे हात केला, नाणं घेतलं आणि थेट मातीतल्या ठशात बसवायला गेले. बसेना. फिरवून पाहिलं. कडेला अडत होतं.

"बसत नही," आबा म्हणाले. "ठसा बारीक शे. नाणं दुसरं शे हाई."

याचा विचार मी केलाच नव्हता. नानांनीही केला नव्हता, किंवा केला असेल तर मला सांगितलं नव्हतं. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

काकी पुढे आली. "आबा, कोठी बांधाले कधी हात लाया का?"

"माले काय करनं कोठीनं?"

"मी बांधस. ओली माती वाळी का आकसस. तोंडवर झाकण घट करं ते वाळ्यावर ते बी बसत नही. बठ्ठा बायास्ले माहीत शे."

बायका गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. "हो ना," तिकडून एक आवाज आला, आणि मग दोन-तीन.

"बायास्नी साक्ष!" आबा म्हणाले.

मला तो फुलासारखा ठसा पुन्हा दिसला. मी विचारलं, "आबा, हा दुसरा ठसा कशाचा?"

आबांच्या चेहऱ्यावर एकदम वेगळंच काहीतरी आलं. "तो आण्याना शे," ते म्हणाले. "न्हानपणे मी दाबेल व्हता. बापनी भलतं मारं माले."

आणा त्या वेळी चालूच होता, सगळ्यांच्या खिशात होता. त्याचा आकार सरकारी, पिढ्यान्‌पिढ्या तोच. कोणीतरी खिशातून एक काढला. आबांनी तो घेतला आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या ठशात बसवायला गेले. कातरलेली कड मातीच्या कडेवर अडली. आणाही आत गेला नाही. जेवढा रुपया अडत होता तेवढाच तोही अडत होता.

"आबा," जिभाऊ म्हणाले, "तुमना आणा बी खोटा निंघना!"

गोठा हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी आणा ज्याचा होता त्याला दिला, मग माझा कागद मागितला, डोळ्यांजवळ धरला, ठशाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, "तेच शे."

काकीने त्यांच्याकडून नाणं घेऊन पदरात बांधलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. गर्दीतल्या एकाने अगदी साधा प्रश्न विचारला, "मंग मोहोर कथी गई?"

आणि मी, कोणी न विचारता, मोठ्याने सांगितलं की मोहोर कधी नव्हतीच. कोणा पूर्वजाने चांदवडी रुपयाला सोन्याचं पाणी देऊन आणलं आणि आपण त्याला हळद लावत आलो. हसू थांबलं. मोहोरवाले म्हणून आमच्या मुलींना चांगली स्थळं येत, मोहोरवाले म्हणून पंचायतीत आमचा शब्द आधी ऐकला जाई. ते सगळं त्या वाक्याबरोबर गोठ्याच्या जमिनीवर पडलं.

आबांनी लोकांना घरी पाठवलं. मला आणि काकीला थांबवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. काकीने चोरी केली नाही, मान्य. पण ही गोष्ट भाऊबंदकीच्या बाहेर जाऊ नये. शुक्रवारी गहू मोजायचा. तोवर नाणं धुळ्याहून गुपचूप सोनेरी करून आणायचं. नाणं पिवळं आलं तर काकीचं माप घेतलं जाईल.

"आणि पांढरं आलं तर?" मी विचारलं.

आबा काकीला म्हणाले, "याले समजाड."

मी धुळ्याला परत गेलो तो संतापाने. एका बाईची निर्दोषता सिद्ध झाली आणि तिला शिक्षा म्हणून खोटेपणात भागीदार करून घ्यायचं! दोन दिवस रिकाम्या वेळात मी पत्रक जुळवलं. नाव होतं 'देव्हाऱ्यातले गिलीट'. मुलामा दिलेले देव, मुलामा दिलेली कुळं, मुलामा दिलेली पुढारपणं, सगळ्यांचा समाचार. शिंदखेड्याच्या बाजारात वाटायचं ठरवलं. नावं दिली नव्हती. पण तालुक्यात मोहोरवाले एकच होते.

बुधवारी काकी आली. नाणं पदरात होतं. सोन्याचं पाणी देणारा कुठे बसतो ते तिला विचारायचं होतं. मी तिला म्हटलं, आधी हे ऐक. तिला वाचता येत नव्हतं. मी उभा राहून सगळं पत्रक वाचून दाखवलं, जिथे टाळ्या पडाव्यात तिथे थांबत.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "चांगलं लिखं. बठ्ठास्ले झोडं."

"मग?"

"मी कोठे शे त्यामा?"

मी म्हणालो, तुझ्यावरच्या अन्यायातूनच तर हे लिहिलं.

"पन मी नही ना त्यामा. मना पोरे नही. हाई वाटं का आबा माप घेनार नही, तू गावमा नही ऱ्हानार, आनि मी तठेच ऱ्हासू."

मला राग आला. मी म्हणालो, "मग जा, कर सोनेरी. आबांचं ऐक."

ती खाली बसली. बाहेर टांगा उभा होता, घोडा तोबऱ्यात तोंड घालून खात होता. मग तिने विचारलं, "ते सोनानं पानी कितला दिन टिकस?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं नानांकडे गेलो. नाना म्हणाले, आजकालचं पाणी पातळ असतं, रोज हात लागला तर दोन-चार वर्षं, न हाताळलं तर जास्त.

"मंग परत पांढरं."

"मग परत पांढरं," नाना म्हणाले.

काकीने मान हलवली, नाणं गाठीत बांधलं आणि एस.टी. गाठायला निघाली. मी विचारलं, पाणी कुठे द्यायचं? ती म्हणाली, नको. त्या पत्रकाचं काय, हे तिने विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी जुळवलेले खिळे एकेक करून खणात परत टाकले. मला ते पटलं होतं असं नाही. तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तरीही छापलं असतं तर मी आबांसारखाच तिच्या मापावर हात ठेवला असता, एवढंच कळलं होतं.

शुक्रवारी मी गावी होतो. आबांच्या ओसरीत मोठी टोपली, शेजारी मापाचं भांडं. आबा घराचं नाव घेणार, त्या घराची बाई पुढे येऊन पुरुषमाणसांगणिक गहू ओतणार. आमच्या घराचं आईने ओतलं, माझंही. मग काकीची पाळी यायच्या आधी आबांनी हात पुढे केला. "नाणं."

काकीने गाठ सोडून नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. पांढरं.

आबांनी तळहात मिटला नाही. "पिवळं करी आणानं सांगं व्हतं ना?"

"सांगं व्हतं," काकी म्हणाली. "आबा, आज मी घासं, पिवळं गयं, मनावर आळ ऊना. पिवळं करं ते चार वरीसमा परत जाई. तवय मोहोर तुमनी सूनकडे व्हई, ती घासी. नही ते नातसून. तिनावर आळ येई. मंग तिले कोन सोडावी? हाऊ शिकेल पोऱ्या काय दर टाईमले कागद लई येई?"

कोणी हसलं नाही. आबांची सून चुलीजवळच्या दारात उभी होती. तिने पदर जरा पुढे ओढला, पण आत गेली नाही. आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"लोके काय म्हनतीन?" आबा म्हणाले. पण हे त्यांनी आज्ञेसारखं म्हटलं नाही. खरंच विचारलं.

"काय म्हनतीन? कानबाई काय मोहोरनी शे? नारळनी शे," काकी म्हणाली. "मना गहू साफ करेल शे. माप भरा."

मी तोंड उघडणार होतो. जिभाऊंनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाले, "भो, आज तू गप. आज तिना दिन शे." मी गप्प राहिलो. आयुष्यात सभेत गप्प राहिल्याची ती माझी पहिली वेळ असावी.

आबांनी नाणं उलटून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग शेजारच्या माणसाच्या हातात दिलं. त्याने पाहून पुढच्याला दिलं. ओसरीत ते हातोहात फिरलं, लोक कड चाचपत होते, घावावरून अंगठा फिरवत होते. इतकी वर्षं त्याच्या पाया पडलेल्या माणसांनी ते पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. एकाने ते जमिनीवर टाकून वाजवलंही, आणि "चांदी चांगली शे" असा निकाल दिला. बायकांच्या बाजूलाही गेलं. आबांच्या सुनेने ते सगळ्यांत जास्त वेळ धरून ठेवलं.

फिरून परत आलं तेव्हा आबांनी ते गव्हाच्या टोपलीशेजारी पाटावर ठेवलं आणि मापाचं भांडं उचललं. त्यांनी माझ्या काकांचं नाव घेतलं, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं. कारण घर त्यांच्याच नावाने चालू होतं.

काकी पुढे झाली. एका मुलाचं माप भरलं, ओतलं. दुसऱ्याचं भरलं. कडेवरून चार दाणे खाली सांडले, ते तिने वाकून वेचले आणि टोपलीत टाकले.

"पुढलं घर," आबा म्हणाले.